माप आणि वजन यांचा मेळ : कोठारापासून चुलीपर्यंत

शेतकऱ्याचें धान्य खळ्यावरून घरांत, घरांतून गिरणींत व गिरणींतून चुलीवर जाईपर्यंत कधीं वजनानें मोजलें जातें, तर कधीं मापानें. बाजार समितीच्या आवारांत क्विंटल चालतो; सालदाराच्या बोलींत अजूनही कित्येक ठिकाणीं पायली व कुडव हे शब्द ऐकूं येतात; आणि घरांत कणकेच्या डब्यापाशीं तर वाटीवांचून दुसरें माप कोणी जाणत नाहीं. या तिन्ही जागीं माल एकच असतो, परंतु हिशेब मात्र तीन भाषांत चालतो, आणि एका भाषेंतून दुसरींत जातांना जो अंदाज घ्यावा लागतो त्यांतच नुकसान होतें. तें कधीं घेणाराचें होतें, कधीं देणाराचें, व कधीं पंगतींत बसलेल्या पाहुण्यांचें. म्हणून या विषयाचा थोडा शास्त्रशुद्ध विचार वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

“एक पायली म्हणजे किती किलो?” असा प्रश्न पुष्कळ वेळां विचारण्यांत येतो. या प्रश्नास सरळ उत्तर नाहीं. विचारणारास उलट तीन प्रश्न करावे लागतात : पायली कोणत्या गांवची, तींत भरावयाचें धान्य कोणतें, आणि ती शिगेची कीं सपाट? या तिहींचीं उत्तरें मिळाल्यावांचून जो कोणी “पायली म्हणजे इतके किलो” असें ठोकून सांगेल, त्याच्याशीं व्यवहार करितांना जपून रहावें.

प्रस्तुत लेखकाची उमर महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. तेथें एकराचे हेक्टर व गुंठ्यांचे आर करण्याचें काम नित्याचें होतें. एक हेक्टर म्हणजे २.४७१ एकर व एक एकर म्हणजे ४० गुंठे, हा आंकडा आर्वीस जो तोच हिंगणघाटास, आणि काळ्या जमिनीस जो तोच बरड जमिनीस. कारण एकरही क्षेत्रफळ मोजतो व हेक्टरही क्षेत्रफळच मोजतो. तोळ्याचे ग्रॅम करणेंही असेंच सोपें आहे. १९३९ च्या कायद्यानें १८० ग्रेनांचा तोळा ठरला. ८० तोळ्यांचा शेर व ४० शेरांचा मण. त्याप्रमाणें तोळा ११.६६ ग्रॅम, शेर सुमारें ९३३ ग्रॅम व मण ३७.३२ किलो होतो. परंतु माप आणि वजन यांची गोष्ट निराळी. माप जागा मोजतें आणि वजन माल मोजतें. एका जागेंत किती माल मावेल हें त्या मालावर अवलंबून असतें. म्हणून या दोहोंना जोडणारा आंकडा प्रत्येक जिनसेगणिक वेगळा असावयाचाच.

या घोटाळ्यांत भर घातली आहे ती जुन्या नांवांनीं. पुण्याकडील अंकगणिताच्या पुस्तकांत धान्याच्या मापाचें कोष्टक ४ शेरांची पायली, १२ पायल्यांचा मण व २० मणांची खंडी असें दिलेलें असे. हा शेर मापाचा व हा मणही मापाचाच. उलट, वर सांगितलेला ८० तोळ्यांचा शेर वजनाचा आणि ४० शेरांचा मणही वजनाचा. नांव एक, पण अर्थ दोन. खंडीचें तर याहून नवल आहे. धान्याची खंडी मापाची, पण आपल्या जिल्ह्याचें जीवन ज्या कापसावर चाललें आहे त्या कापसाच्या रुईची खंडी वजनाची. ती ७८४ रत्तलांची, म्हणजे ३५५.६२ किलोंची, आणि रुईचे भाव आजही त्याच खंडीवर निघतात. मेट्रिक वजनमापांचा कायदा १९५६ सालीं झाला व १९५८ पासून त्याचा अंमल टप्प्याटप्प्यानें सुरू झाला. व्यापारांतून मण-शेर गेले. पण घरांतील पत्र्याचें जुनें माप कोणी फेंकून दिलें नाहीं, व तें फेंकण्याचें कारणही नाहीं. त्याची ओळख मात्र एकदां नीट करून घेतली पाहिजे.

ती ओळख करून घेण्याची रीत अशी. घरांतील जें माप नेहमीं वापरांत आहे तें, मग तें धान्याचें असो कीं स्वयंपाकाची वाटी असो, कोरडें करून कांट्यावर ठेवावें व त्याचें वजन लिहून घ्यावें. मग तें कांठोकांठ पाण्यानें भरून पुनः वजन करावें. दोन वजनांतील अंतर हें पाण्याचें वजन. आणि एक किलो पाणी म्हणजे व्यवहारापुरतें एक लिटर, म्हणून जितके किलो पाणी तितके लिटर त्या मापाची जागा समजावी. समजा, रिकाम्या मापाचें वजन ४५० ग्रॅम भरलें व पाण्यासह तें १,८५० ग्रॅम झालें, तर पाणी १,४०० ग्रॅम, अर्थात् माप १.४ लिटरचें. आतां तेंच माप पुसून ज्वारीनें भरावें व वर फळी फिरवून सपाट करावें. वजन १,५३० ग्रॅम आलें तर ज्वारी १,०८० ग्रॅम झाली. यास १.४ नें भागिलें म्हणजे दर लिटरास सुमारें ७७० ग्रॅम हा ज्वारीचा अंक निघाला. हा अंक एकदां हातीं आला म्हणजे कोणत्याही मापाचें वजन काढतां येतें : लिटरांस अंकानें गुणिलें कीं ग्रॅम, आणि ग्रॅमांस अंकानें भागिलें कीं लिटर. जुन्या पत्र्याच्या मापास सांध्यांतून गळती असेल तर आंतून पातळ प्लॅस्टिकची पिशवी नीट बसवून मग पाणी घालावें.

आपल्याकडील नित्याच्या जिनसांचे अंक खालीं दिले आहेत. हे एक लिटर जागेंत, न दाबतां व सपाट भरलेल्या मालाचे ग्रॅम आहेत. हे सुमाराचे आहेत हें विसरूं नये; आपल्या घरच्या मालाचा अंक आपल्याच कांट्यावर काढलेला बरा.

ज्वारी ७७०, गहूं ७८०, तांदूळ ८३०
तूरडाळ ८३०, हरभऱ्याची डाळ ८००, सोयाबीन ७३०
जवस ६८०, शेंगदाणे ६२०
रवा ७००, कणीक (सैल) ५३०, बेसन (सैल) ४५०
साखर ८५०, बारीक मीठ १,२००
गोडें तेल ९१५, पातळ तूप ९१०, दूध १,०३०

या कोष्टकावरून नजर फिरविली तरी एक गोष्ट ध्यानांत येईल. गव्हाचें पीठ केल्याबरोबर त्याचा अंक ७८० वरून ५३० वर उतरतो. गिरणींतून आणलेलें दळण धान्याच्या डब्यांत मावत नाहीं, याचें कारण गिरणीवाल्यानें भर घातली असें नव्हे. पिठाच्या कणांमध्यें हवा अधिक शिरली एवढेंच. म्हणून दळण वजनानेंच द्यावें व वजनानेंच घ्यावें.

आतां शिगेचा विचार करूं. माप कांठाच्या वर निमुळतें होईपर्यंत भरणें म्हणजे शिगेस भरणें. देणाराचा हात मोठा कीं आंखडता हें आपले लोक शिगेवरून ओळखतात. परंतु शीग किती बसेल हें हातापेक्षां मापाच्या तोंडावर अधिक अवलंबून असतें. ज्वारी-गव्हासारख्या दाण्यांचा ढीग आपोआप जितका उभा राहतो, त्याची उंची साधारणपणें त्याच्या बुडाच्या रुंदीच्या चौथाईइतकी भरते. या हिशेबानें, १० सेंटिमीटर त्रिज्येचें व २० सेंटिमीटर खोल असें उभट माप घेतलें तर त्याची जागा सुमारें ६.२८ लिटर होते, आणि त्यावरील शीग अर्ध्या लिटरास किंचित् अधिक, म्हणजे मापाचा बारावा हिस्सा. तितक्याच जागेचें, पण १२.६ सेंटिमीटर त्रिज्येचें व तितकेंच खोल असें पसरट माप घेतलें तर शीग १.०५ लिटर, म्हणजे मापाचा सहावा हिस्सा होते. सपाट भरलीं तर दोन्ही मापें अगदीं सारखीं. शिगेनें भरलीं तर ज्वारीचा दर मापामागें सुमारें ४०० ग्रॅमांचा फरक. सालदाराशीं वीस मापें ज्वारी ठरली असेल तर हा फरक आठ किलोंचा झाला. एका लहान कुटुंबाच्या कित्येक दिवसांच्या भाकरी त्यांत आल्या. बोली करितांना उभट माप दाखविलें काय किंवा पसरट दाखविलें काय, कोणी विचारीत नाहीं, आणि वर्षाअखेर दोघांच्याही मनांत उगीच किल्मिष राहतें. आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, मजुरींतील धान्य किलोंत ठरवावें व किलोंतच मोजून द्यावें. शीग द्यावयाची असेल तर ती खुशीची म्हणून निराळी द्यावी. हिशेबांत तिला जागा नसावी.

माप भरण्याच्या रीतीनेंही फरक पडतो. उंचावरून धार धरली किंवा मापास ठोकलें कीं दाणे बसतात व माल अधिक मावतो. पिठाच्या बाबतींत तर विचारूं नये. २४० मिलिलिटरच्या पेल्यांत कणीक चमच्यानें हलकेच घातली तर सुमारें १२० ग्रॅम मावते. तोच पेला डब्यांत खुपसून भरला तर १५० ग्रॅमपर्यंत जाते. अमेरिकेंत बोस्टन येथील पाकशाळेच्या फॅनी फार्मर बाईंनीं १८९६ सालीं काढलेल्या पाकशास्त्राच्या पुस्तकांत पेला व चमचा सपाट करूनच मोजावा असा आग्रह धरिला, व त्यांची ती रीत त्या देशांत घरोघर रूढ झाली. तथापि सपाट केल्यानें वरची शीग गेली, आंतील दाब गेला नाहीं; म्हणून पिठाची अडचण तेथेंही पुरती सुटलेली नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, मग वजन तेवढें खरें व माप खोटें. तसेंही नाहीं. वजनास फसविणारी एक वस्तु आहे, ती ओलावा. शंभर किलो सोयाबीनमध्यें १८ टक्के पाणी असेल तर कोरडा अंश ८२ किलो. तेंच सोयाबीन वाळून १२ टक्क्यांवर आलें, आणि हमीभावाच्या खरेदींत साधारणपणें हीच मर्यादा असते, तर वजन ८२ भागिलें ०.८८, म्हणजे ९३ किलो राहतें. सात किलो माल कोणी चोरला नाहीं. तें पाणी होतें. वर्षाची ज्वारी किंवा गहूं ओलसर असतांना वजनानें घेऊन कोठींत भरणारानें ही वजावट आधींच मनांत धरावी.

उलट, माप व वजन हीं दोन्ही एकत्र लावलीं तर धान्याचा कस कळतो. पोचट व सुरकुतलेला दाणा जागा तेवढीच अडवितो, पण वजनास कमी भरतो. म्हणून शंभर लिटर गहूं किती किलो भरतो हें पाहून त्याची प्रत ठरविण्याची चाल देशोदेशीं आहे. अमेरिकेंतील बुशेल हें मूळचें माप, ३५.२४ लिटर जागेचें. परंतु व्यापारांत गव्हाचें बुशेल ६० रत्तल, मक्याचें ५६ रत्तल व ओटचें ३२ रत्तल असें वजनानेंच धरितात. ६० रत्तल म्हणजे २७.२ किलो, त्यास ३५.२४ नें भागिलें तर लिटरास ७७२ ग्रॅम येतात. आमच्या कोष्टकांतील गव्हाचा अंक याच्या अगदीं जवळ आहे. आपला गहूं एका लिटरास ७३०-७४० वरच अडकत असेल तर तो नीट भरला नाहीं असें समजावें व बियाण्यासाठीं दुसरा पहावा.

आतां चुलीकडे वळूं. घरांत चार माणसांचा स्वयंपाक असतो तोंपर्यंत वाटी कधीं दगा देत नाहीं. गृहिणीची वाटी तीच, तिचा हात तोच, आणि जिन्नसही ओळखीचा. अडचण येते ती वाटीचें प्रमाण किलोंत नेतांना, व ती नेमकी लग्नकार्यांत येते. शिऱ्यास “वाटीस वाटी” रवा व साखर घेतात. दुकानावरील यादी लिहितांना हेंच “किलोस किलो” होऊन बसतें. परंतु एक किलो रवा म्हणजे सुमारें १.४३ लिटर, तितक्याच मापाची साखर १.२१ किलो भरते. दहा किलो रव्यास दहा किलो साखर आणली तर घरच्यापेक्षां दोन किलो साखर कमी पडली, व शिरा अगोड झाला. पुरणाचें याच्या उलट. हरभऱ्याची डाळ लिटरास ८०० ग्रॅम, पण चिरलेला गूळ वाटींत पोकळ बसतो व तो ज्या मानानें बारीक चिरावा त्या मानानें त्याचें वजन बदलतें. समजा तो लिटरास ६५० ग्रॅम भरला, तर दहा किलो डाळीस वाटीच्या प्रमाणानें गूळ आठ किलोंहून थोडा अधिक लागेल. तेथें किलोस किलो घातला तर पुरण अतिगोड होऊन सैल पडेल व पोळी फुटेल. एकाच वाक्प्रचाराचें भाषांतर एका पदार्थांत साखर तोडतें व दुसऱ्यांत गूळ वाढवितें. म्हणून कार्याच्या आधीं घरची एक वाटी डाळ व एक वाटी गूळ कांट्यावर घालून पहावा. पांच मिनिटांचें काम आहे.

भाताचीही गोष्ट अशीच. तांदळाच्या दुप्पट पाणी, हें माप मापाशीं आहे. एक किलो तांदूळ म्हणजे १.२ लिटर, त्यास पाणी २.४ लिटर पाहिजे, दोन लिटर नव्हे. मोठ्या पातेल्यांत वाफेनें उडून जाणारें पाणी त्या मानानें कमी असतें, म्हणून मुरब्बी आचारी यांतही कांहीं हात आंखडतो. पण तो कशांतून आंखडावयाचा हें त्यास ठाऊक असतें. ज्यास मूळ आंकडा ठाऊक नाहीं त्यानें आंखडूं नये. हळद, मीठ यांचें माप चमच्यानें चालतें; ५ मिलिलिटरच्या सपाट चमच्यांत बारीक मीठ ६ ग्रॅम, साखर ४ ग्रॅम, आणि हळद, मग ती आपल्या वायगांवची कां असेना, सुमारें ३ ग्रॅम मावते. मिठाचा व हळदीचा चमचा एक, पण वजन दुप्पट.

पथ्यापाण्याच्या बाबतींत वजनाची गरज अधिक आहे. गांधीजींनीं १९४२ सालीं आगाखान पॅलेसमधील बंदिवासांत आरोग्यावर जें लहान पुस्तक लिहिलें, त्यांत बैठें काम करणाराचा रोजचा आहार वाटींत सांगितलेला नाहीं, वजनांत सांगितला आहे : गाईचें दूध २ रत्तल, धान्यें मिळून ६ औंस, गूळ किंवा साखर दीड औंस, इत्यादि. सहा औंस म्हणजे १७० ग्रॅम. हें धान्य ज्वारीच्या दाण्यांत मोजलें तर सुमारें २२० मिलिलिटर होतें आणि सैल कणकेंत मोजलें तर ३२० मिलिलिटर. दोनशें मिलिलिटरची वाटी धरिली तर एकींत एक वाटीहून थोडें अधिक, दुसरींत दीड वाटीहून अधिक. मधुमेहाच्या रोग्यास वैद्यानें “एक वाटी” सांगितली तर ती दाण्याची, पिठाची कीं शिजलेल्या भाताची, हें तेथल्या तेथें विचारून घ्यावें.

राहिला पातळ पदार्थांचा विचार. तेल पाण्यावर तरंगतें, म्हणजे तें पाण्याहून हलकें. दुकानांत १५ किलोंचा डबा मिळतो व १५ लिटरचाही मिळतो. डबे दिसण्यांत सारखेच. १५ लिटर तेलाचें वजन मात्र सुमारें १३.७ किलो. दोहोंत सव्वा किलोहून अधिक अंतर आहे. म्हणून भाव विचारतांना डब्यावरील अक्षरें आधीं वाचावीं. लिटरचा डबा स्वस्त वाटला तर त्याच्या किंमतीस १३.७ नें भागावें, किलोच्या डब्याच्या किंमतीस १५ नें भागावें, आणि मग कोणता स्वस्त तें ठरवावें. दूध याच्या उलट, पाण्याहून किंचित् जड. शंभर किलो दूध म्हणजे सुमारें ९७ लिटर. संकलन केंद्रावर दूध कांट्यावर घेतात कीं मापानें, व पावतीवर किलो लिहितात कीं लिटर, हें दूध घालणारानें पहावें. कांट्यावर किलो मोजून तोच आंकडा किलोच्या दरानें धरिला असेल तर हिशेब बरोबर. मापानें लिटर मोजून तोच आंकडा किलो म्हणून लिहिला असेल तर शंभरास तीन किलो घालणाराचे गेले. दर लिटरचा असून आंकडा कांट्यावरचा किलोंचा असेल तर संस्थेचें तितकेंच गेलें. महिन्याच्या पावत्या एकत्र करून हा हिशेब एकदां मांडून पहावा, व अंतर दिसल्यास सचिवांकडे लेखी विचारणा करावी. तोंडी विचारलेल्या गोष्टीची नोंद कोठेंच राहत नाहीं.